लासलगाव : भावाचे गाव

मराठी ग्रामीण साहित्याने खेडे पाहिले आणि खेड्यातून शहराकडे निघालेला तरुणही पाहिला. या दोहोंच्या मधले बाजाराचे गाव मात्र त्यात बहुधा वाटेवरचा थांबा म्हणूनच येते. वास्तविक शेतकऱ्याच्या हंगामभराच्या कष्टांना आकडा मिळतो तो तिथेच. नाशिक जिल्ह्यातले लासलगाव हे अशा गावांचे ठळक उदाहरण होय.

तालुक्याच्या ठिकाणाचा मान निफाडला आहे. शेजारच्या विंचूरला पेशवाईतील विंचूरकर सरदारांच्या नावाचे वलय आहे. लासलगावचे आधुनिक महत्त्व वाढले ते मुख्यतः लोहमार्गामुळे. १८६५ मध्ये थळ घाटातला मार्ग खुला झाला आणि या पट्ट्याला मुंबईची बाजारपेठ जवळ आली. पुढे १९४७ मध्ये येथे बाजार समिती स्थापन झाली. आज कांद्याच्या देशातील अग्रगण्य बाजारपेठांत तिची गणना होते आणि तिच्या भावावर दूरदूरच्या व्यापाऱ्यांची नजर असते.

लिलाव पाहिल्याशिवाय हे गाव कळत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबतो, कांदा हातात घेऊन पाहतो, बोली चढते आणि काही क्षणांत सौदा ठरून घोळका पुढे सरकतो. रोपे टाकण्यापासून काढणीपर्यंतच्या काही महिन्यांचा निकाल एवढ्या अवधीत लागतो! पुढे माल काट्यावर जातो, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर. तिथे बायका ओळीने बसून कांदा निवडतात. गोल्टी वेगळी, मोठा माल वेगळा. हमाल, मापारी, गाडीवाले, बारदानाचे दुकानदार, खते-औषधे विकणारे, चहावाले अशी सारी वस्ती या एका पिकावर उभी आहे. गावाची वाढ मोजायची तर नव्या इमारतींपेक्षा या माणसांकडे पाहिलेले बरे.

परंतु भाव ठरवणाऱ्या या गावाचा भावावर ताबा किती? लाल कांदा फार टिकत नाही, तो निघाला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने राहतो. चाळ म्हणजे एका परीने शेतकऱ्याचा जुगारच, कारण थांबावे तर सड आणि वजनातली घट, न थांबावे तर पडता भाव. त्यावर दिल्लीचे निर्णय. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस-कांदा आंदोलन पेटले ते रास्त भावासाठी. १९९८ मध्ये महागलेल्या कांद्याने दिल्लीतील विधानसभा निवडणूक गाजली. तेव्हापासून शहरी ग्राहकाची नाराजी ही कोणत्याही सरकारची धास्ती होऊन बसली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क आले. सप्टेंबरमध्ये व्यापाऱ्यांनी लिलावच बंद ठेवले आणि डिसेंबरमध्ये निर्यातबंदी झाली. ती मे २०२४ मध्ये उठली, तरी शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ रोजी.

या दीड-पावणेदोन वर्षांत वृत्तपत्रांच्या मथळ्यांत शेतकरी, व्यापारी आणि मंत्री दिसले. लिलाव थांबला की ज्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते, त्या खळ्यावरच्या बायका क्वचितच दिसल्या; आपल्या कथा-कादंबऱ्यांतही त्यांना अजून फारशी जागा मिळालेली नाही.