माथेरान कुणी वसवलं?

माथेरानला गेलेला माणूस हमखास विचारतो, हे ठिकाण शोधलं कुणी? उत्तर ठरलेलं असतं : ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट, साल १८५०, महिना मे. मॅलेटसाहेब डोंगर चढले हे खरंच आहे. पण मंडळी, ठाकर, कातकरी, धनगर त्याआधीपासून याच डोंगराच्या अंगाखांद्यावर राहत होते. त्यांना काही तो शोधावा लागला नव्हता.

मुंबईचा उन्हाळा गोऱ्यांना सोसवत नसे. तापाची, पटकीची धास्ती असे. रोग दूषित हवेतून येतो, अशी तेव्हाची समजूत. म्हणून उंचावरची हवा हेच औषध. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी इथे बंगला बांधला आणि माथेरानला प्रतिष्ठा आली. त्यांच्यामागून मुंबईचे पारशी, बोहरी शेठही आले. १८५६ मध्ये आगगाडी नेरळपर्यंत पोहोचली. पुढची चढण मात्र घोड्यावरून नाहीतर पालखीतून. पालखीत बसणाऱ्यांची नावं कागदोपत्री राहिली, खांदा देणाऱ्यांची राहिली नाहीत.

ही चढण सोपी केली ती एका बोहरी घराण्यानं. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा पुरवला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी जिद्दीनं नेरळ-माथेरान रेल्वे उभारली. खर्च सोळा लाख रुपये. जेमतेम दोन फुटी रुळांवरून, वळणं घेत सुमारे एकवीस किलोमीटर चढणारी ही गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. आपण तिला कौतुकानं झुकझुक गाडी म्हणतो. पीरभॉय हे नाव मात्र फार थोड्यांच्या ओठी असतं.

याच गावात १९१२ मध्ये एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. वकिली शिकले, परिसरातल्या आदिवासी-शेतकऱ्यांसाठी झटले आणि १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्यानं विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. साहेबाच्या विश्रांतीसाठी वसवलेल्या गावानंच साहेबाची झोप उडवणारा माणूस दिला!

साहेब गेला, पण ओझं वाहणारे खांदे तसेच राहिले. मी प्रथम गेलो तेव्हा तांबड्या मातीतून एक जण हातरिक्षा ओढत होता, दोघं मागून रेटत होते. आत बसलेलं कुटुंब दरी पाहत होतं. माझी नजर ओढणाऱ्याच्या अनवाणी पायांवरून हटेना. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही प्रथा सहा महिन्यांत थांबवण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. मॅलेटसाहेबांना येऊन तेव्हा १७५ वर्षं झाली होती.

लुइझा पॉइंट, शार्लोट तलाव ही नावं राहू देत, तोही इतिहासच. पुढच्या वेळी तिथं उभे राहाल, तेव्हा ज्यांच्या नावाचा पॉइंट नाही, त्यांचीही क्षणभर आठवण काढा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)