गाडीचा हादरा आणि उंच जीपचा दट्ट्या

काळ्या जमिनीवरून चाक फिरविणें हें मराठवाड्यांत कोणत्याही काळीं सोपें काम नव्हतें. नांदेडकडील गोदावरीचें खोरें, लातूरकडील मांजरेचें खोरें आणि त्या दोहोंच्या मध्यें पसरलेले बालाघाटाचे माथे, या प्रदेशांतील बरीचशी भूमि एकाच स्वभावाची आहे. उन्हाळ्यांत ती आक्रसते व तिला खोल भेगा पडतात. मृगाच्या सरी आल्या कीं तीच फुगून वर येते आणि चाकाला डिंकासारखी धरून बसते. अशा भूमीवर खडी दाबून पक्का रस्ता केला तरी खालची माती दरसाल श्वास घेतल्याप्रमाणें वर-खालीं होतच राहते, आणि रस्त्याच्या पाठीवर लाटा उमटतात. खड्डा गाडीला एकदांच धक्का देतो. लाट मात्र झोका देते, आणि पुढची लाट त्या झोक्याच्या तालांत आली तर तो वाढतच जातो. धक्का आणि झोका हे वाहनाचे दोन निराळे शत्रु आहेत व त्यांच्यावरचे उपायही निराळे आहेत, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील हकीकत उमगण्यास अडचण पडत नाहीं.

जुन्या बैलगाडीनें पहिल्या शत्रूशीं सामना केला तो चाकाच्या उंचीनें. तिचें चाक जवळजवळ माणसाच्या छातीला लागे. चाक जितकें मोठें तितकें तें दगडावर सुखानें चढतें आणि लहान खळग्यांत न बुडतां त्यावरून निघून जातें. शिवाय आंख जमिनीपासून उंच राहिल्यानें चिखलांत गाडीचें पोट टेकत नाहीं. आजचे हौशी लोक जीपगाडी उंच करून घेतात त्यामागील विचार याहून फारसा निराळा नाहीं. मात्र बैलगाडीला कमान नव्हती. आंखावर बसलेला प्रत्येक धक्का गाडीच्या तळावर व तेथून बसणाराच्या कण्यावर जाई. त्यावर कडबा अंथरणें एवढाच इलाज होता, आणि बाळंतीण माहेराहून सासरीं निघाली म्हणजे त्या कडब्यावर एखादी जादा गोधडी पडे. झोक्याचा प्रश्न तिच्यापुढें कधीं आलाच नाहीं. कारण झोका घेण्यास कमान लागते व थोडा वेग लागतो, आणि बैलगाडीपाशीं दोन्ही नव्हतीं.

कमानीचा शोध मोटारीहून जुना आहे. पोलादी पाटे एकावर एक रचून त्यांची लंबवर्तुळाकार कमान करण्याची सनद लंडनच्या ओबाडाया एलियट यानें १८०४ मध्यें मिळविली, आणि तेव्हांपासून विलायती बग्ग्या हलक्या व सुखाच्या झाल्या. तीच पाट्यांची कमान टांग्याखालीं आली, मग मोटारीखालीं गेली, आणि मालवाहू ट्रकच्या मागील आंखाखालीं ती आजही आहे. पाटे एकमेकांवर घासतात, व त्या घर्षणामुळें कमानीचा झोका थोडासा आपोआप मोडतो. आरंभींच्या मोटारींना कित्येक वर्षें तेवढ्यावरच भागवावें लागलें.

लातूरला रस्त्यांआधीं रुळांनीं जवळ केलें. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरनें काढलेल्या बार्शी लाइट रेल्वेचा पहिला फांटा १८९७ मध्यें सुरू झाला व १९११ मध्यें ती लातुरास पोंचली. रुळांतील अंतर अवघें अडीच फूट. परंतु इंजिन असो कीं डबा असो, कोणत्याही आंखावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, असा त्याचा दंडक होता. भार सारखा वांटला म्हणजे हलक्या रुळांवरूनही मोठें ओझें निर्वेध जातें, हें त्यानें दाखवून दिलें. याच गृहस्थानें पुढें पहिल्या महायुद्धाच्या काळांत वैमानिकांसाठीं हवाई छत्री सिद्ध केली. नांदेडला तर हैदराबाद-मनमाड हा मीटर गेज मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच लाभला होता.

रस्त्यावरची संघटित मोटार-वाहतूक निजामाच्या राज्यांत जून १९३२ मध्यें सुरू झाली. रेल्वेच्याच छत्राखालीं निघालेल्या या खात्यापाशीं आरंभीं २७ बसगाड्या व १६६ नोकर होते. ग्लासगोच्या आल्बियन कारखान्याच्या गाड्या त्यांत होत्या. त्या काळीं नांदेड हें जिल्ह्याचें ठाणें असून लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यांतील तालुका होता. त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्यें. बैलगाडीच्या चाकोऱ्यांनीं कापलेल्या रस्त्यावर बस धांवूं लागली, तेव्हां दुसरा शत्रु, म्हणजे झोका, या प्रदेशांत खऱ्या अर्थानें अवतरला.

त्यावरचा उपाय युरोपांत तोंवर शोधला गेला होता. फ्रान्समधील ट्रुफो यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घर्षणावर चालणारी एक युक्ति प्रथम सायकलीवर बसविली. हार्टफर्ड या अमेरिकन कारखानदारानें ती मोटारीसाठीं उचलली. दोन भुजा व त्यांच्या सांध्यांत घट्ट आवळलेल्या चकत्या, एवढेंच तिचें स्वरूप. पुढें मॉरिस हुडाय या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थानें चकत्यांच्या जागीं तेल आणलें, आणि त्याच्या पद्धतीचीं यंत्रें १९२७ साली निघालेल्या फोर्डच्या मॉडेल ए गाडीला लागलीं. त्यानंतर प्रचारांत आलें तें दुर्बिणीसारखें एकांत एक सरकणारें नळकांडें. त्यांत तेल भरलेलें असतें व दट्ट्याला बारीक छिद्रें असतात. कमान दबली किंवा उसळली म्हणजे दट्ट्या सरकतो, तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते, आणि झोक्याची शक्ति तेलाच्या उष्णतेंत रूपांतर पावून विरून जाते.

येथें नांवाचा एक घोटाळा आहे. या वस्तूला जगभर शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणजे ‘धक्काशोषक’ म्हणतात, पण धक्का ती शोषीत नाहीं. तें काम कमानीचें. ही वस्तु कमानीचा झोका मारते, म्हणून तिला ‘झोकामार’ म्हणावयास हवें होतें. हा केवळ शब्दांचा खल नव्हे. नांवामुळें लोकांचा असा समज होतो कीं जितका कडक शॉक तितकें सुख अधिक. आणि प्रत्यक्षांत अतिकडक शॉक खड्ड्याचा धक्का कमानीपर्यंत जाऊं न देतां थेट बसणाराच्या अंगावर आणतो.

युद्धकाळांत विलीज व फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनीं सहा लाखांवर जीपगाड्या बनविल्या. तिच्या दोन्ही आंखांखालीं पाट्यांच्या कमानी व चारही चाकांपाशीं तेलाचीं नळकांडीं होतीं. सप्टेंबर १९४८ मध्यें भारतीय सैन्य सोलापुराहून नळदुर्गाकडे निघालें, तेव्हां मराठवाड्यांतील कित्येक खेड्यांना ही चपळ गाडी प्रथम दिसली असावी. मुंबईस महिंद्र कंपनीनें स्वातंत्र्याच्या सुमारास विलीजचे सुटे भाग आणून ती जोडण्यास आरंभ केला होता. पुढें तिचींच भावंडें तलाठ्यापासून कलेक्टरापर्यंत सरकारी फेरींत, उसाच्या मळ्यांत आणि अखेर काळी-पिवळी होऊन आठवडी बाजाराच्या उतारूंत रुळलीं. शॉकही परदेशांतून आणण्याची गरज हळूहळू सरली; मुंबईजवळ मुलुंड येथें गॅब्रिएल इंडिया कंपनी निघाली ती १९६१ मध्यें.

काळी-पिवळीच्या मालकानें जीप उंच केली ती हौसेसाठीं नव्हे. आठ-दहांच्या जागीं पंधरा-सोळा माणसें बसलीं कीं कमान सपाट होई. मिस्त्री तिच्यांत एक-दोन जादा पाटे घाली, आणि रिकामी गाडी दोन-तीन इंच वर उचलली जाई. नंतरच्या पिढींतील हौशी तरुणांनीं हेंच मोठ्या टायरासाठीं व किनवट-माहूरकडील डोंगरवाटांसाठीं केलें. दोहोंनीं बहुधा एकच चूक केली: कमान बदलली व शॉक जुनाच ठेवला, किंवा दुकानांत जो सर्वांत लांब मिळाला तो घेतला.

या चुकीचा हिशेब साध्या बेरजेनें मांडतां येतो. समजा, जुनें नळकांडें पूर्ण मिटलें असतां ११ इंच व पूर्ण उघडलें असतां १८ इंच भरतें, आणि मूळच्या उभ्या गाडींत त्याची लांबी १४ इंच होती. म्हणजे चाकाला वर जाण्यास ३ इंच व खालीं लोंबण्यास ४ इंच वाव होता. गाडी ३ इंच उचलली कीं उभ्या स्थितींत तीच लांबी १७ इंच होते, आणि खालीं लोंबण्यास अवघा १ इंच उरतो. चाक खड्ड्यांत उतरलें कीं आंखाचें सारें ओझें दट्ट्याच्या दांडीवर लटकतें. सील फुटतें, तेल गळतें, एखाद्या दिवशीं खिळाच तुटतो. याच्या उलट, १४ इंच मिटणारें लांबलचक नळकांडें लावलें तर चाक वर जातांना रबरी ठोकळ्याला टेकण्याआधीं ३ इंच तें स्वतःच मिटून बसतें, कारण ठोकळा जुन्याच जागीं म्हणजे ११ इंचांच्या स्थितींत आहे. मग भरल्या गाडीचा घाव ठोकळ्याऐवजीं दट्ट्यावर बसतो आणि दांडी वांकते. योग्य मार्ग मधला आहे. ठोकळा २ इंच खालीं आणावा, म्हणजे वरची सीमा १३ इंचांवर येते. साडेबारा इंच मिटणारें व साडेवीस इंच उघडणारें नळकांडें घ्यावें. कमान ३ इंच लोंबली तरी लांबी २० इंचच होते, आणि दोन्ही टोकांस अर्धा इंच शिल्लक राहतो. हे आंकडे गाडीगणिक बदलतील. ते मिळवावयाचे ते मात्र जाहिरातींतून नव्हे, तर गाडी उभी असतां, आंख पूर्ण लोंबता असतां व ठोकळ्याला टेकला असतां, अशा तीन स्थितींत गज लावून.

लांबी जमली तरी काम संपत नाहीं. पाटे वाढवून कमान ताठ केली म्हणजे ती अधिक जोरानें उसळते. म्हणून नळकांड्याचा उघडतांनाचा अडथळा वाढवावा लागतो. मिटतांनाचा अडथळा त्यामानानें सौम्यच ठेवावयाचा असतो. टायर जड असेल तर चाकाची स्वतःची धडपडही अधिक आंवरावी लागते. शिवाय उंची वाढल्यानें नळकांडें जास्त तिरकें झालें असेल तर त्याचा जोर त्या प्रमाणांत वायां जातो. लांबच्या लाटेच्या रस्त्यावर तेल तापतें, त्यांत हवा मिसळून फेस होतो, आणि तासाभरानें नळकांडें असून नसल्यासारखें होतें. १९५० नंतरच्या दशकांत बुर्सिए द कार्बों या फ्रेंच शास्त्रज्ञानें एकाच नळींत दाबाखालचा वायु निराळा कोंडून ही फेसाची अडचण दूर केली. मात्र त्या जातीच्या नळीच्या एकेरी भिंतीला दगडाचा पोंचा पडला कीं दट्ट्या अडतो. खडकाळ वाटेवर जुनी दुहेरी नळी म्हणूनच अजून टिकून आहे, आणि तिची निंदा करणारे बहुधा डांबरी रस्त्यावरचे असतात.

खरा धोका गाडीपेक्षां माणसांना आहे. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. तिचा झोका मोडणारें कोणी नसेल तर वळणावर एका अंगास कललेली गाडी सांवरण्याआधींच पुढची लाट तिला दुसरा हेलकावा देते. टपावर गांठोडीं व मागें लोंबकळणारे उतारू असल्यावर मग विचारावयासच नको. बाजाराच्या दिवशीं भरून चाललेली जीप उलटली कीं दोष रस्त्याला किंवा चालकाला देऊन लोक मोकळे होतात. गळक्या नळकांड्याकडे कोणी वांकून पाहत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणींतील मूळ बनावटीहून भिन्न बदल करण्यास मनाई करतें, व जानेवारी १९१९ नव्हे तर अगदीं अलीकडे, जानेवारी २०१९ मध्यें, सर्वोच्च न्यायालयानेंही तोच अर्थ कायम केला. झिजलेल्या शॉकच्या जागीं त्याच मापाचा नवा बसविणें ही दुरुस्ती. गाडी उचलणें ही मात्र त्या कलमाच्या कक्षेंत येणारी गोष्ट, आणि ती करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयाची पायरी चढणें बरें.

२०२० मध्यें निघालेल्या नव्या थार गाडीनें चारही चाकांखालीं गुंडाळी कमानी घेतल्या. गुंडाळीला पाट्यांसारखें अंगचें घर्षण जवळजवळ नाहीं. झोका मोडण्याचा सारा भार नळकांड्यावरच येतो, आणि वाईट शॉक तेथें लवकर उघडा पडतो. जुन्या जीपवर मात्र तो पाट्यांच्या कुरकुरीआड महिनोन्‌महिने लपून राहतो. त्यासाठीं गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनीं दाबून सोडावा. ती एकदां वर येऊन थांबली तर ठीक, तीन-चार वेळां नाचली तर नळकांडें गेलें असें समजावें. नवीं घेतांना एका आंखावरचीं दोन्ही एकदम बदलावींत, आणि त्यांच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतांनाच शेवटचे आवळावेत. लोंबत्या आंखावर आवळले तर रबर पिळलेलेंच राहतें व पहिल्याच पावसाळ्यांत फाटतें.