हेन्री अर्व्हिंगला आलेली पत्रे

थोर माणसाचा इतिहास लिहिताना त्याने काय केले हे बहुधा सांगितले जाते. त्याच्या दारी टपालाने काय आले, हे फारसे कोणी सांगत नाही. परंतु एखाद्या कर्त्या पुरुषाच्या नावाने आलेली पत्रे समोर ठेवली, तर त्याच्याभोवती किती माणसे उभी होती, कोण त्याच्याकडे आशेने पाहात होते आणि कोण दात खाऊन होते, हे सगळे उलगडू लागते. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या काळी हेन्री अर्व्हिंग नावाचा मोठा नट व नाटकगृहाचा चालक होऊन गेला. त्याला आलेल्या पत्रांचा मोठा संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाच्या नाट्यविभागात आहे. त्या पत्रांच्या निमित्ताने त्याची हकीकत वाचकभगिनींपुढे ठेवीत आहे. नाटकाची आवड आपल्याकडे घरोघर आहे, तेव्हा हा विषय कोणास परका वाटणार नाही.

अर्व्हिंगचे खरे नाव जॉन हेन्री ब्रॉड्रिब. ६ फेब्रुवारी १८३८ रोजी सॉमरसेट परगण्यातील कीन्टन मँडेव्हिल या लहान गावी त्याचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची, म्हणून लहानपणीची काही वर्षे तो कॉर्नवॉलमध्ये मावशीच्या घरी वाढला. आई मोठी धर्मनिष्ठ होती. नाटक म्हणजे पापाचे घर, अशी तिची समजूत. मुलगा लंडनला हिंदुस्थानाशी व्यापार करणाऱ्या एका पेढीत कारकून म्हणून लागला होता. ती पोटापाण्याची नोकरी सोडून १८५६ साली तो सन्डरलंड गावी रंगभूमीवर आला, आणि घराण्याचे नाव बाजूस ठेवून त्याने ‘अर्व्हिंग’ हे नाव घेतले. नाटकात जाणाऱ्या मुलाबद्दल आपल्याकडच्या आयांना जे वाटे तेच तिकडच्या आईलाही वाटले. माणसाचे मन सगळीकडे सारखेच.

पुढची दहाएक वर्षे त्याने गावोगाव हिंडून, मिळेल ती भूमिका करून काढली. थंडीच्या दिवसांत अंगावर पुरेसे कपडे नसत. एका नाताळात बरोबरच्या एका नटाने त्याची दशा ओळखून त्याला गरम आतले कपडे दिले. ती आठवण अर्व्हिंगने वैभवाच्या दिवसांतही जपली. पुढे त्याच्याकडे मदतीची याचना करणारी पत्रे येऊ लागली, तेव्हा त्याचा हात का सैल असे, याचे मूळ त्या कपड्यांच्या जोडात असावे असे मला वाटते. कित्येक म्हाताऱ्या नटांना त्याने आपल्याकडे कामावर ठेवून घेतले आणि कित्येकांना पदरचे पैसे दिले.

२५ नोव्हेंबर १८७१ च्या रात्री लंडनच्या लायसियम नाटकगृहात ‘द बेल्स’ या नाटकाचा पहिला खेळ झाला आणि एका रात्रीत अर्व्हिंगचे नाव झाले. त्याच रात्रीची एक गोष्ट त्याच्या चरित्रात येते. नवराबायको गाडीतून घरी परतत होती. हा असला वेडेपणा तुम्ही जन्मभर करीत राहणार काय, अशा अर्थाचे त्याची पत्नी फ्लॉरेन्स बोलली. अर्व्हिंगने हाइड पार्कच्या कोपऱ्यावर गाडी थांबविली, तो खाली उतरला, आणि पुन्हा त्या घरी राहावयास गेला नाही. त्या वेळी पदरी एक तान्हे मूल होते आणि दुसऱ्याचे दिवस भरत आले होते. घटस्फोट झाला नाही. तो खर्चाला पैसे पाठवीत राहिला, आणि दोन्ही मुलगे फ्लॉरेन्सने वाढविले. चरित्रकार हा प्रसंग अर्व्हिंगच्या बाण्याचा दाखला म्हणून सांगतात. मला मात्र त्या बाईचाही विचार करावासा वाटतो. तिचे बोलणे चुकलेच. पण एका वाक्याची किंमत तिने उभा जन्म मोजली.

१८७८ साली लायसियमचा सगळा कारभार अर्व्हिंगच्या हाती आला. ३० डिसेंबरला शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’ने त्याने आपली कारकीर्द सुरू केली. तो स्वतः हॅम्लेट झाला आणि एलन टेरी ही नटी ऑफिलिया झाली. याच नाटकावरून आपल्याकडे गोपाळ गणेश आगरकरांनी लिहिलेले ‘विकारविलसित’ १८८३ साली बाहेर पडले. आपल्या रंगभूमीवर त्या काळी बायकांची कामे बहुतेक पुरुष करीत. लंडनला मात्र एलन टेरीचे नाव अर्व्हिंगच्या बरोबरीने घेतले जाई, आणि भरभराटीच्या दिवसांत तिला आठवड्याला दोनशे पौंड मिळत.

आता टपालाकडे वळू. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत कोठेही पत्र जाण्याची सोय झाली होती. आपल्याकडे अर्ध्या आण्याचे टपाल १८५४ साली आले. लंडनच्या मध्यवस्तीत तर दिवसातून दहाबारा वेळा टपाल वाटले जाई. सकाळी टाकलेल्या पत्राचे उत्तर त्याच दिवशी हाती पडे. टेलिफोन घरोघरी पोचण्यापूर्वीचा तो काळ. त्यामुळे बोलायचे ते सारे पत्रानेच. नाटक लिहिणारे आपली हस्तलिखिते पाठवीत, नवशिके नट काम मागत, संस्था मदतीचे खेळ मागत, ओळखीचे लोक खुर्च्या मागत. गरजू माणसे आपले गाऱ्हाणे लिहीत. मोठमोठ्या मंडळींचीही पत्रे येत. राजकवी टेनिसनने ‘बेकेट’ नावाचे नाटक अर्व्हिंगकडे १८७९ च्या सुमारास दिले होते. खर्च फार येईल म्हणून ते तसेच राहिले. अखेर ६ फेब्रुवारी १८९३ रोजी, अर्व्हिंगच्या वाढदिवशी, ते रंगभूमीवर आले. टेनिसन त्याआधी चार महिने, ऑक्टोबर १८९२ मध्ये, वारला होता. ज्याने वाट पाहिली, त्याने यश पाहिले नाही.

या ढिगाऱ्याला उत्तरे कोण देई? हीच या लेखातील मुख्य गोष्ट आहे. डब्लिन शहरी ब्रॅम स्टोकर नावाचा सरकारी नोकर होता. १८७६ साली त्याची व अर्व्हिंगची गाठ पडली आणि दोघांचा स्नेह जमला. १८७८ च्या डिसेंबरात स्टोकरने कायमची नोकरी सोडली, लग्न उरकले, आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत तो अर्व्हिंगकडे कारभारी म्हणून रुजू झाला. त्याच्या नव्या नवरीचा संसार नाटकगृहाच्या हिशेबवहीबरोबरच सुरू झाला म्हणावयाचे. पुढे सत्तावीस वर्षे, अर्व्हिंगच्या मृत्यूपर्यंत, तो त्याच जागी राहिला. तिकिटांची व्यवस्था, पगार, दौरे, पाहुण्यांची सरबराई हे सारे त्याच्याकडे होते. १८८३ पासून कंपनी आठ वेळा अमेरिकेला गेली, त्याचीही जबाबदारी त्याचीच. आणि या सगळ्यावर पत्रांची उत्तरे. त्याच्या स्वतःच्या अंदाजाप्रमाणे त्याने अर्व्हिंगच्या वतीने सुमारे पाच लाख पत्रे लिहिली. रोजची पन्नासाच्या घरात झाली. नकाराचे पत्र समोरच्याचे मन न दुखवता कसे लिहावे, हे ज्याला रोज करावे लागते त्यालाच ठाऊक.

याच स्टोकरने १८९७ साली ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी लिहिली. ती सबंध कादंबरी पत्रे, रोजनिश्या आणि तारा यांची मिळून झाली आहे. आयुष्यभर पत्रांत बुडालेल्या माणसाला गोष्टही पत्रांतूनच सुचली, यात नवल नाही. आज अर्व्हिंगपेक्षा ‘ड्रॅक्युला’चेच नाव जगात जास्त लोकांना ठाऊक आहे. मालकाच्या सावलीत बसून लिहिणाऱ्याचा शेवटी असा उजेड पडला! स्टोकरच्या नावाने आलेली लायसियमची पुष्कळशी पत्रे लीड्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवलेली आहेत.

आलेली पत्रे सगळी गोडच असत असे नाही. १८७५ च्या नाताळाच्या सुमारास ‘फन’ नावाच्या विनोदी साप्ताहिकात एका ‘फॅशनेबल’ शोकनटाला उद्देशून जाहीर पत्र छापून आले. नाव दिले नव्हते, पण रोख अर्व्हिंगवर होता हे कोणीही ओळखले असते. खुनाचे खेळ दाखवून तो लोकांची मने बिघडवितो आणि टीकाकारांना पैसे चारतो, असा आरोप त्यात होता. अर्व्हिंग कोर्टात गेला. तेथे त्याची माफी मागण्यात आली, ती त्याने स्वीकारली आणि प्रकरण मिटविले.

दुसरा झगडा बर्नार्ड शॉचा. शॉने नेपोलियनवर एक लहान नाटक लिहिले होते. त्यात अर्व्हिंग व एलन टेरी यांनी कामे करावी अशी त्याची इच्छा. पण शॉ त्याच वेळी वृत्तपत्रात अर्व्हिंगच्या नाटकांवर कडक टीकाही करी. १८९६ च्या डिसेंबरात ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकावर त्याने लिहिले ते अर्व्हिंगच्या मंडळींना फार झोंबले, आणि १८९७ साली त्याचे नाटक परत गेले. दोन्ही बाजूंनी तिखट पत्रे गेली. या ओढाताणीत मध्ये सापडली एलन टेरी. शॉचा व तिचा पत्रव्यवहार १८९२ पासून चालू होता. एका गाणाऱ्या मैत्रिणीसाठी तिने पहिले पत्र धाडले होते. इतक्या मोकळ्या मनाने पत्रे लिहिणारी ही दोघे समोरासमोर भेटली ती १९०० साली. तिच्या मृत्यूनंतर ती पत्रे १९३१ साली पुस्तकरूपाने निघाली, आणि लायसियमच्या पडद्यामागचे पुष्कळ काही लोकांना त्यांतून कळले. एका बाजूस जन्माचा सहकारी, दुसऱ्या बाजूस पत्रांतला मित्र, आणि दोघांनाही न तोडता तिने आपले काम चालू ठेवले. हे कौशल्य आपणा बायकांना घरात रोजच लागते.

मानाचे पत्र आले ते १८९५ च्या मे महिन्यात. पंतप्रधान लॉर्ड रोजबरी यांनी कळविले की राणीसाहेब आपणास ‘सर’ हा किताब देणार आहेत. नटाला हा मान त्यापूर्वी कधीच मिळाला नव्हता. १८८३ साली अशीच विचारणा झाली असता अर्व्हिंगने ती नाकारली होती. या वेळी त्याने मान घेतला, आणि १८ जुलै १८९५ रोजी विन्डसरच्या राजवाड्यात समारंभ झाला. लगेच दुसऱ्या दिवशी देशभरच्या नटमंडळींनी त्याला मानपत्र दिले. त्यावर चार हजारांहून अधिक सह्या होत्या. कालपर्यंत ज्या धंद्याला लोक नाक मुरडीत, त्या धंद्याच्या चार हजार माणसांनी एका कागदावर आपले नाव लिहिले. मला विचाराल तर राणीच्या तलवारीपेक्षा हाच कागद मोठा.

त्यानंतर मात्र दिवस फिरले. १८ फेब्रुवारी १८९८ रोजी पडद्यांच्या वखारीला आग लागली आणि चव्वेचाळीस नाटकांचे सामान जळून गेले. विम्याची रक्कम थोड्याच काळापूर्वी कमी केलेली होती, त्यामुळे नुकसान भरून निघाले नाही. त्याच वर्षी अर्व्हिंग आजारी पडला. लायसियमचा कारभार १८९९ साली एका मंडळीच्या ताब्यात गेला, आणि १९०२ च्या जुलैत अर्व्हिंगने तेथला शेवटचा खेळ केला. तरीही तो घरी बसला नाही. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी ब्रॅडफर्ड गावी ‘बेकेट’चा खेळ करून तो हॉटेलवर परतला आणि तेथेच त्याने प्राण सोडला. त्याची रक्षा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये ठेवली आहे. नाटक हे पाप मानणाऱ्या माउलीच्या मुलाला देशातील मोठ्या मानाच्या देवळात जागा मिळाली. दोन्ही मुलगे पुढे नटच झाले.

नटाची कला वाऱ्यावरची असते. पडदा पडला की ती संपली. चित्रकाराची चित्रे राहतात, कवीच्या कविता राहतात. अर्व्हिंगचा थोडासा आवाज मेणाच्या नळीवर उतरला होता तेवढा सोडला, तर त्याच्या हॅम्लेटचे आज काही उरलेले नाही. उरली आहेत ती पत्रे. लायसियमवर मोठ्या नाटकाच्या वेळी सहाशेवर माणसे पोट भरीत. शिंपी, सुतार, रंगारी, दिवेवाले, वादक, सगळे त्यात आले. पाकिटावर नाव एकाचे असे, पण आतल्या मजकुरात या सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न असे. ज्याच्या नावाने पत्र येते त्याचे ते एकट्याचे नसते, आणि ज्याच्या सहीने उत्तर जाते त्यानेच ते लिहिलेले असते असेही नाही. अर्व्हिंगच्या यशात स्टोकरच्या पाच लाख पत्रांचा वाटा आहे, एलन टेरीच्या समजूतदारपणाचा आहे, आणि दूर राहून मुले वाढविणाऱ्या फ्लॉरेन्सचाही आहे.

स्मरणिकेत संस्थेचे हितचिंतक, देणगीदार आणि पाहुणे यांची नावे छापली जातात, ते योग्यच आहे. परंतु त्यांना पत्रे कोणी लिहिली, आलेल्या पत्रांना वेळेवर उत्तरे कोणी दिली, ती फाइलीत कोणी लावून ठेवली, त्या भगिनींची नावे सहसा छापली जात नाहीत. मंडळाच्या कपाटातील जुनी पत्रे रद्दीत जाऊ देऊ नयेत, आणि त्यांच्यावर उत्तर लिहिणारीचे नावही नोंदवून ठेवावे, एवढीच माझी सर्व सभासद भगिनींना विनंती आहे. शंभर वर्षांनी आपण काय केले हे कोणी शोधू लागले, तर त्याला सांगावयास तेवढेच शिल्लक असेल.