दप्तराबाहेरची माणसे

कुक्षी हा पूर्वीच्या धार संस्थानातील परगणा. पवारांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या आपल्यापैकी कित्येक घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दप्तरे सांभाळली. जमीन, सारा, इनाम, वतन या सर्वांच्या नोंदी झाल्या. परंतु डोंगरातला भिल्ल-भिलाला मजूर पोटासाठी कोठे गेला आणि कसा परतला, हे लिहून ठेवण्याची निकड आम्हां दप्तरवाल्यांना क्वचितच वाटली. या उणिवेचे मोल एकविसाव्या शतकाच्या आरंभी कळून आले.

अवर्षणाने गांजलेले झाबुआ, धार व आजच्या अलीराजपूर जिल्ह्यांतील आदिवासी गुजरातेत गोध्रा, बालासिनोर येथील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत जाऊ लागले. पिठासारखी बारीक धूळ त्यांच्या फुप्फुसांत साचली. धडधाकट तरुण धाप घेऊन घरी परतले आणि एकामागून एक दगावले. सिलिकोसिस हा विकार क्ष-किरणचित्रात क्षयासारखा भासतो. म्हणून अनेकांना क्षयाचीच औषधे मिळत राहिली. तो समूळ बरा होत नाही, हे खरे. तथापि अचूक निदान झाले तर रोगी धुळीपासून दूर राहू शकतो, जोडीने होणारा क्षय वेळीच ओळखता येतो आणि भरपाईही मागता येते.

१९४८ च्या कारखाना कायद्यानुसार हा रोग सरकारला कळवणे बंधनकारक होते. परंतु आपण अमुक कारखान्यात राबलो, हे सिद्ध करणार कसे? मजुरांपाशी ना हजेरीपत्रक होते, ना ओळखपत्र.

तेव्हा खेडूत मजदूर चेतना संगठ, सिलिकोसिस पीडित संघ आणि त्यांचे सहकारी यांनी गावोगाव, घरोघर फिरून याद्या केल्या: कोण गेला, कोण आजारी, कोण वारला. सर्वोच्च न्यायालयात २००६ ची याचिका चालू असताना राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये शिफारस केली की, २३८ मृतांच्या वारसांना गुजरात सरकारने प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत आणि ३०४ पीडितांचे पुनर्वसन मध्य प्रदेशाने करावे. मे २०१६ मध्ये न्यायालयाने ही भरपाई देण्याचा आदेश दिला. तोवर यादीतल्या कित्येक घरांचा कर्ता पुरुष उरला नव्हता.

आमची सारी हयात सरकारी कागदांत गेली. कागदावर नसलेला माणूस कार्यालयाला दिसत नाही, हे आम्ही जवळून पाहिले आहे. ज्यांना अक्षरओळखही बेताची, त्यांनी आपल्या मृतांचे दप्तर स्वतः उभे केले. आपल्या घराण्यांच्या इतिहासाशेजारी त्यालाही जागा मिळावी, एवढेच आमचे मागणे आहे.