पॉइंट खर्चून अटलांटिकपार बिझनेस क्लास: रिवॉर्ड तिकीट निवडताना काय पाहावे?

क्रेडिट कार्डावर साठलेले पॉइंट किंवा विमान कंपनीचे माइल्स देऊन काढलेल्या तिकिटाला ‘रिवॉर्ड तिकीट’ म्हणतात. युरोप आणि अमेरिका यांच्या दरम्यानच्या बिझनेस क्लाससाठी ही तिकिटे विशेष लोकप्रिय आहेत, कारण या मार्गावर रोख भाडे खूप जास्त असते. मात्र रिवॉर्ड तिकीट म्हणजे फुकट तिकीट नव्हे. निवड चुकली तर अनेक वर्षे जमवलेले पॉइंटही जातात आणि वर रोख रक्कमही भरावी लागते.

पॉइंटांसोबत रोख पैसे का भरावे लागतात?

यात दोन भाग असतात. पहिला म्हणजे सरकारी कर आणि विमानतळ शुल्क. दुसरा म्हणजे विमान कंपनीने स्वतः लावलेला अधिभार. ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक यांच्या बिझनेस क्लास रिवॉर्ड तिकिटांवर हा अधिभार मोठा असतो. माद्रिदहून अमेरिकेला जाणाऱ्या आयबेरियाच्या विमानांवर तो सहसा बराच कमी असतो.

ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया आणि एअर लिंगस या तिन्ही कंपन्यांचे पॉइंट ‘अ‍ॅव्हिऑस’ याच नावाचे आहेत आणि ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेता येतात. त्यामुळे लंडन, माद्रिद आणि डब्लिन या तिन्ही ठिकाणांहून जाण्याचा खर्च ताडून पाहणे फायद्याचे ठरते.

लंडनहून निघणे महाग का पडते?

ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशांवर १९९४ पासून ‘एअर पॅसेंजर ड्युटी’ हा कर आहे. एप्रिल २०२५ पासून न्यूयॉर्कइतक्या अंतरासाठी तो इकॉनॉमीला ९० पौंड, तर बिझनेस क्लासला २१६ पौंड झाला. रिवॉर्ड तिकिटालाही त्यातून सूट नाही.

पण हा कर ब्रिटनमधून निघताना लागतो, तिथे उतरताना नाही. शिवाय एकाच तिकिटावर दुसऱ्या देशातून येऊन लंडनला फक्त विमान बदलणाऱ्यांना, २४ तासांच्या आत पुढचे विमान असल्यास, तो सहसा लागत नाही. म्हणून मुंबई–लंडन–न्यूयॉर्क असे एकच तिकीट आणि लंडनपासून काढलेले वेगळे तिकीट यांच्या खर्चात फरक पडतो.

जाताना की येताना?

दोन्ही बाजूंना पुरतील इतके पॉइंट नसतील, तर बिझनेस क्लास अमेरिकेहून परतताना घ्यावा. लंडनहून न्यूयॉर्कला जाणारी बहुतेक विमाने दिवसा उडतात आणि सुमारे आठ तास घेतात. परतीची बहुतेक विमाने रात्री निघतात. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या उंचावरील वेगवान वाऱ्यांमुळे ती सुमारे साडेसहा ते सात तासांत पोहोचतात. आडवे होता येणाऱ्या आसनाचा खरा उपयोग याच रात्री होतो. रात्र छोटी असल्यामुळे विमानतळावरच जेवून घेऊन विमानात थेट झोपणे अनेकांना सोयीचे वाटते.

सगळ्या विमानांत आसन सारखे असते का?

नाही. ब्रिटिश एअरवेजने २०१९ मध्ये दरवाजा असलेला ‘क्लब स्वीट’ आणला, पण तो सगळ्या विमानांत एकदम बसवला गेला नाही. जुन्या रचनेत खिडकीजवळच्या प्रवाशाला बऱ्याचदा शेजाऱ्याचे पाय ओलांडून बाहेर पडावे लागते. तिकीट काढण्यापूर्वी आसनांचा नकाशा उघडून पाहावा. एका रांगेत १-२-१ अशी मांडणी असेल, तर प्रत्येकाला थेट मार्गिकेत येता येते.

पॉइंटाची किंमत कशी काढायची?

रोख भाड्यातून कर आणि अधिभार वजा करा आणि उरलेल्या रकमेला पॉइंटांच्या संख्येने भागा. एक काल्पनिक उदाहरण:

• रोख भाडे २,००,००० रुपये, कर ४०,००० रुपये, पॉइंट ८०,०००: एका पॉइंटाला २ रुपये.
• तेच भाडे, कर १५,००० रुपये, पॉइंट ५०,०००: एका पॉइंटाला ३ रुपये ७० पैसे.

पण बिझनेस क्लासचे भाडे तुम्ही एरवी खिशातून कधीच भरले नसते, तर हा हिशोब फसवा ठरतो. समजा, तुम्ही एरवी ६०,००० रुपयांचे इकॉनॉमी तिकीट काढले असते. मग पहिल्या पर्यायात ८०,००० पॉइंट देऊन तुमचे फक्त २०,००० रुपये वाचतात, म्हणजे पॉइंटाला २५ पैसे. बाकी किंमत आरामाची आहे. ती मोजायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

जागा कधी मिळते?

ब्रिटिश एअरवेज उड्डाणाच्या ३५५ दिवस आधी रिवॉर्ड जागा खुल्या करते. लांब पल्ल्याच्या विमानांत बिझनेस क्लासच्या किमान चार जागा त्यासाठी राखलेल्या असतात. सुट्टीच्या दिवसांतील जागा लवकर संपतात. व्हर्जिन अटलांटिकने ऑक्टोबर २०२४ पासून मागणीनुसार बदलणारे पॉइंट-दर सुरू केले. तिथे तारीख एक-दोन दिवस पुढे-मागे केल्यास मोठा फरक पडू शकतो.

भारतीय प्रवाशांनी काय सांभाळावे?

भारतातील काही क्रेडिट कार्डांचे पॉइंट परदेशी विमान कंपन्यांच्या खात्यात वळवता येतात, पण एकदा वळवलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत. म्हणून आधी जागा शोधावी, मगच पॉइंट वळवावेत.

माद्रिदहून स्वस्त रिवॉर्ड तिकीट मिळाले, तरी मुंबई–माद्रिद तिकीट वेगळे असेल तर सामान घेण्यासाठी बाहेर यावे लागते आणि भारतीय पासपोर्टवर त्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो. शिवाय पहिले विमान उशिरा पोहोचले आणि पुढचे चुकले, तर दुसऱ्या कंपनीवर त्याची जबाबदारी नसते. अशा वेळी मध्ये एक मुक्काम ठेवणे किंवा थोडे जास्त पॉइंट देऊन संपूर्ण प्रवासाचे एकच तिकीट काढणे अधिक सुरक्षित.