पारध्याच्या पिंजऱ्यातला तित्तर

वसई-विरारच्या पूर्वेला तुंगारेश्वराच्या जंगलात भल्या पहाटे रानकोंबडा आरवतो. त्या बांगेने तो आपली हद्द सांगतो आणि ठावठिकाणाही देऊन बसतो. पाखरांच्या याच खोडीवर शिकारीचे एक जुने कसब उभे आहे. अमेरिकेतला शिकारी लाकडी डबीवर झाकण घासून रानटर्कीच्या मादीचा आवाज काढतो आणि पिसारा फुलवलेला नर त्या ओढीने बंदुकीच्या टप्प्यात येतो.

आपल्याकडे टर्की पोर्तुगिजांमुळे पोचला. वसईवर त्यांचा अंमल असतानाच, १६१२ साली, गोव्याहून आणलेला टर्की जहांगीरने दरबारात पाहिला आणि उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले. पण तो अंगणातला पक्षी; त्याला साद घालून बोलवावे लागले नाही.

महाराष्ट्रात हे कसब फासेपारध्यांचे. त्यांनी मादीऐवजी वैरी पुढे केला. तित्तराचा नर पाळून माणसाळवायचा. पहाटे त्याचा पिंजरा माळावर ठेवायचा, भोवती खुंट्यांना बांधलेले केसांचे बारीक फासे मांडायचे आणि आडोशाला दबून बसायचे. पिंजऱ्यातला नर खड्या आवाजात ओरडला की रानातला उत्तर देतो. माझ्या हद्दीत हा उपरा कोण? मान ताणून, धावत, भांडायलाच तो येतो आणि त्याचे पाय फाशात गुंततात. पाळलेले पाखरू नसले तर पारधी तोंडानेच साद घाली. कधी ओरडायचे आणि कधी गप्प राहायचे, ही समज बापामागे रानोमाळ हिंडूनच पोराला येई.

एवढी विद्या अंगी असलेल्या माणसांना इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींत टाकले, हा उघड अन्याय होता. त्यांना रोज हजेरी द्यावी लागे. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली. देशभर गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती येऊन शिकारीवर बंदी आली. पाखरांसाठी हे हवेच होते, पण पारध्याच्या हातचा धंदा गेला आणि बदल्यात फारसे काही आले नाही.

अकोला-वाशीमच्या गवताळ माळांवर मात्र ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारध्यांनाच तणमोराच्या रक्षणात सामील करून घेतले. पावसाळ्यात तणमोराचा नर गवतावर उंच उड्या मारत बेडकासारखा आवाज काढतो. तो ओळखून पक्ष्याची जागा हेरणे पारध्यांना शिकवावे लागले नाही.