हमीचे पाच टक्के

व्यापारात सरकारने हात घालू नये, हे मत 1840 च्या दशकात ब्रिटनमध्ये निखळ तत्त्व म्हणून मांडले जात असले, तरी ते हिरिरीने मांडणाऱ्या अनेकांच्या तिजोरीत रेल्वे कंपन्यांचे शेअर होते, ही गोष्ट त्या मतापासून वेगळी काढता येत नाही. बोर्ड ऑफ ट्रेड म्हणजे व्यापारखाते सांभाळणाऱ्या ग्लॅडस्टन यांनी 1844 मध्ये नवे मार्ग 21 वर्षांनंतर सरकारला विकत घेता यावेत असे विधेयक आणले, तेव्हा कंपन्यांच्या दबावाने ते पुष्कळ बोथट होऊनच मंजूर झाले. नियोजित मार्गांची छाननी करणारे लॉर्ड डलहौसी यांचे मंडळही 1845 मध्ये गुंडाळले गेले.

सट्ट्याला बळ दिले ते स्क्रिपने, म्हणजे साधारण दहा टक्के अनामत भरून मिळणाऱ्या आणि हातोहात विकता येणाऱ्या कागदाने. 20 पौंडांच्या शेअरवर 2 पौंड भरलेल्याला भाव एका पौंडाने चढला तरी गुंतवलेल्या पैशावर निम्मा नफा सुटे, आणि उरलेले 18 पौंड हप्त्यांनी भरायचे आहेत हे तेजीत कोणाच्या फारसे ध्यानात राहत नसे. मार्गांचे नकाशे दाखल करण्याची मुदत 30 नोव्हेंबर 1845 रोजी संपत होती. त्या नकाशांसाठी बेल्जियमहून शिळाछापाचे कारागीर आणवावे लागले, आणि प्रतिस्पर्धी कंपनी आपल्या गाडीतून ते नेऊ देईना म्हणून कोणी ते शववाहिकेत लपवून लंडनला पोचवल्याची गोष्टही पुढे सांगितली जाऊ लागली. भाव मात्र त्याआधीच, ऑक्टोबरात, घसरू लागले होते. मग हप्त्यांची मागणी सुरू झाली, आणि 1849 मध्ये ‘रेल्वेचा राजा’ म्हणवला जाणारा खासदार जॉर्ज हडसन भांडवलातूनच लाभांश वाटत होता, हे उघडकीस आले.

हात पोळलेल्या या गुंतवणूकदारांना आता खात्रीचा परतावा हवा होता, आणि तो देण्यास सरकार पुढे आले तेव्हा जुने तत्त्व कोणाला फारसे आड आले नाही. ऑगस्ट 1849 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेशी केलेल्या करारात भांडवलावर 5 टक्के व्याजाची हमी आणि फुकट जमीन दिली. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघणार होती. छाननीचे मंडळ ज्यांच्या हातून गेले ते डलहौसी तोवर गव्हर्नर जनरल झाले होते, आणि त्यांच्याच कारकिर्दीत, 16 एप्रिल 1853 रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. पुढे दादाभाई नौरोजी यांनी आणि पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लिहिणाऱ्या गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेच्या आर्थिक परिणामांची चिकित्सा केली, ती मुख्यतः हा भार वाहणाऱ्या देशाच्या बाजूने. लंडनच्या भागधारकाला मात्र त्याच हमीमुळे रेल्वे हा सरकारी रोख्याइतका निर्धोक कागद वाटत राहिला.